उष्टं कोणाचं?

तळ्याच्या काठावर तुटकी नांगी पडलेली दिसली की आमच्या गल्लीत उत्तर तयार असतं, रकून, म्हणजे डोळ्यांवर काळा पट्टा असलेला इथला निशाचर प्राणी. कोणी दुसरा विचारच करत नाही. कचऱ्याचा डबा आडवा झाला, रकून. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे संपले, रकून. तळ्यातले क्रेफिश कमी दिसायला लागले, मग तर काय, रकूनच. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंही असतं, त्यामुळे पुढे चौकशी करायची कोणाला गरजच वाटत नाही.

मी राहते नॉर्थ कॅरोलिनात, रालेच्या शेजारी कॅरीला. इथे आयटीतली मराठी माणसं इतकी आहेत की इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडताना शेजारून अस्सल सदाशिव पेठी टोमणा कानावर येतो. हा पीडमाँटचा पट्टा, म्हणजे अ‍ॅपलाचियन डोंगर आणि अटलांटिकचा किनारा यांच्या मधला, लाल चिकणमातीचा. आधीच्या मालकाने घरामागे एक तळं खणून ठेवलंय, फार मोठं नाही, या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल एवढं, आणि त्याला लागून एक बारकासा ओढा जातो जो उन्हाळ्यात जवळजवळ आटतो. ह्या तळ्यात नि ओढ्यात क्रेफिश आहेत. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, गोड्या पाण्यातला बोटभर लॉबस्टर, पुढे दोन नांग्या, लांब मिशा, आणि घाबरला की शेपटी आपटत उलटा पळतो. जगात ह्याच्या ६०० च्या वर जाती आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेत, आणि त्यातही सगळ्यात गर्दी अमेरिकेच्या ह्या आग्नेय कोपऱ्यात. भारतात मूळचा एकही नाही, आपल्याकडे ती जागा खेकड्यांनी धरलीय.

काही जाती बिळं करतात. रात्रभर खाली पाणी लागेपर्यंत खणायचं, ओल्या मातीची एकेक गोळी वर आणून बिळाच्या तोंडाशी रचायची, सकाळी लॉनवर चार-सहा इंच उंचीची मातीची चिमणी, म्हणजे धुराड्यासारखी नळी, उभी. लाल मातीच्या त्या गोळ्या इतक्या नीट एकावर एक बसवलेल्या असतात की पायाने मोडायचं जिवावर येतं. नवऱ्याच्या नाही येत, तो लॉनमोवर घेऊन निघाला की त्याचं आणि चिमण्यांचं वैर चालू होतं.

तर यांना खातं कोण, हा विषय निघाला गेल्या उन्हाळ्यात, जेव्हा काठावर कवचं नि नांग्या जास्तच दिसायला लागल्या आणि पलीकडच्या आजोबांनी जाहीर केलं की आपण पिंजरा लावणार. माणूस फार चांगला, दर वर्षी पिशवीभर टोमॅटो आणून देतो, पण रकून म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. माझं रकूनवर काही विशेष प्रेम आहे असं नाही. पण मी टेस्टिंगमध्ये काम करते, ‘बहुतेक हेच असेल’ हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप वर जातो.

पहिली गोष्ट, काठावर सापडणारं प्रत्येक कवच म्हणजे मेलेला क्रेफिश नाही. क्रेफिश वाढतो तसा कात टाकतो, सापासारखी नुसती कातडी नाही, अख्खं कवच. पाठीची ढाल जिथे संपते आणि शेपटीचे कडे सुरू होतात तिथे आडवी फट पडते आणि तो त्या फटीतून स्वतःला बाहेर ओढून काढतो, नांग्या, पाय, मिशा, अगदी डोळ्यांवरचं आवरणसुद्धा मागे ठेवून. अशी कात हातात घेतली तर वजनच लागत नाही, उजेडासमोर धरली तर आरपार दिसते, आत मांसाचा कण नाही. बरेचदा तो स्वतःच ती खाऊन टाकतो कारण नव्या कवचासाठी कॅल्शियम लागतं, पण राहिली तर वाहत काठाला लागते आणि आपण म्हणतो खून झाला. खाल्लेलं कवच वेगळं दिसतं, चेचलेलं, कडा वेड्यावाकड्या, आत काहीतरी चिकटलेलं आणि त्यावर मुंग्या.

नुसती नांगी सापडली तरी तेच. संकटात सापडलेला क्रेफिश नांगी सोडून देतो आणि निसटतो, पुढच्या कातींमध्ये नवीन उगवते, आधी जरा बारीक. म्हणजे ती नांगी म्हणजे कुणाचं जेवण नसून कुणाचं हुकलेलं जेवणही असू शकतं.

एकदा मुलाला एका फुटक्या डोक्याच्या कवचात दोन पांढरे खडे सापडले, शर्टाच्या बटणाएवढे, एका बाजूने गोल आणि दुसरीकडून सपाट. त्याला वाटलं मोती. ते असतात जठरात साठवलेल्या कॅल्शियमचे खडे, कात टाकायच्या आधी क्रेफिश जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून तिथे जमा करतो आणि नंतर वापरतो. जुन्या काळी युरोपात हेच खडे ‘खेकड्याचे डोळे’ म्हणून औषध म्हणून विकायचे. आम्हाला मात्र त्यावरून एवढं कळलं की हा बिचारा कात टाकायच्या बेतात होता आणि त्याच्या आधीच कोणीतरी गाठला. ते खडे अजून मुलाच्या कंपासपेटीत आहेत.

आता रकून. त्याच्यावरचा आरोप खोटा आहे असं मी म्हणतच नाहीये. रात्री उथळ पाण्यात उभा राहतो, नजर भलतीकडेच, आणि पुढचे दोन्ही पंजे दगडाखाली चाचपत असतात. त्याच्या पंजांना स्पर्श जबरदस्त कळतो आणि ओले झाले की अजूनच, त्यामुळे त्याला बघायची गरजच नाही. सापडला की काठावर आणून नांग्या मोडायच्या, शेपटी खायची, डोकं टाकून द्यायचं, पुढचा. सकाळी तिथे लग्नाच्या पंगतीतून व्याही उठून गेल्यावरचं पान असतं तसा पसारा. चिखलात ठसे पण स्वच्छ, पाच लांब सुटी बोटं, एका बाजूचा पुढचा पंजा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पंजा जवळजवळ शेजारी शेजारी. पॉसमचा, म्हणजे इथल्या मांजराएवढ्या पिशवीवाल्या प्राण्याचा, ठसा बाजूला असला तर चुकायचं कारण नाही, त्याच्या मागच्या पायाचा अंगठा काटकोनात बाहेर आलेला असतो.

आणि रकूनची अजून एक सवय म्हणजे ठरलेला संडास. आमच्याकडे ओकच्या बुंध्याशी आहे. त्यात पर्सिमनच्या बिया, बेरीच्या बिया, आणि मधेच केशरी-लालसर तुकडे चमकतात, ते क्रेफिशचे. इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते, ह्या विष्ठेला हात लावू नका, काडीने उकरून वास घेऊन बघू नका, मुलांना तर जवळ जाऊच देऊ नका. रकूनच्या आतड्यात एक गोल जंत असतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, दोन-चार आठवड्यांत संसर्गजन्य होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यात, मेंदूत पोचू शकतात. असं क्वचितच होतं, पण होतं तेव्हा फार वाईट होतं. मी लांबून फोटो काढते, झूम करते, झालं.

तेव्हा रकून खातो हे नक्की. मला खटकत होतं ते वेगळंच, की आम्हाला फक्त तोच का दिसतोय. तर तो उष्टं टाकतो म्हणून.

हे माझ्या डोक्यात आलं आईमुळे. आई सहा महिन्यांसाठी आली होती, कुडाळच्या बाजूची, पावसाळ्यात शेतातले मुठे, म्हणजे खेकडे, पकडत मोठी झालेली. तिला ह्या सगळ्या तपासाचं काही कौतुक वाटलं नाही. क्रेफिश बघून पहिलं वाक्य, “आधी सार कर, मगे चौकशी कर.” पण दोन दिवसांनी चहाचा कप घेऊन तळ्यावर गेली आणि पाण्याच्या अगदी कडेला तरंगणाऱ्या नांग्या दाखवून म्हणाली, “ह्यां त्याचां काम न्हय गो. ह्यां चोचवाल्याचां.” तिचं म्हणणं असं की चार पायांचा प्राणी खायचं असेल तर सुक्यावर येऊन बसून खातो, त्याचा कचरा एका जागी असतो. बगळा पाण्यातच उभा राहून खेकडा झटकतो, नांग्या-पाय गळून पाण्यात पडतात आणि उरलेला तो अख्खा गिळतो. गावाला ढोकरी हेच करते, बांधावर बसून. आणि मग तिने वर बघितलं, आमच्या तळ्यावर वाकलेली एक वाळकी फांदी आहे, तिच्याखालच्या पानांवर पांढऱ्या शिटेचे ओघळ. ती फांदी मी रोज बघत होते.

इथला मोठा निळा बगळा म्हणजे आपल्या राखी बगळ्याचा जवळचा नातेवाईक, पण अंगाने थोराड, उभा राहिला की आमच्या मुलाच्या खांद्यापर्यंत. त्याचा ठसा तीन बोटं पुढे, एक मागे, सहा-सात इंच लांब. त्याच्याशिवाय छोटा हिरवा बगळा येतो, ढोकरीसारखाच दबा धरून बसणारा. पिवळ्या टाळूचा रातबगळा आमच्या भागात कमी दिसतो, पण तो ह्या कामातला खरा तज्ज्ञ, त्याचं मुख्य खाणंच खेकडे नि क्रेफिश आणि चोच त्यासाठीच जाडजूड. बाकी यादी वाढतच जाते. खंड्या येतो, डोक्यावर विस्कटलेला तुरा असलेला, क्रेफिश फांदीवर आपटून गिळतो आणि कवचाचे तुकडे नंतर गोळी करून ओकतो. लाल खांद्याचा ससाणा येतो, तो उंदीर-बेडकांवर जगतो असं आपण धरून चालतो पण पाणथळ जागी क्रेफिशही भरपूर उचलतो. आणि ग्रॅकल! तो काळा, चमकदार, उद्धट पक्षी जो पार्किंगमध्ये फ्रेंच फ्राइज पळवतो, तोसुद्धा पोटापर्यंत पाण्यात उतरून क्रेफिश धरतो. हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर कुणी सांगून मला खरं वाटलं नसतं.

सगळ्यात मजा आणली ती घुबडाने. इथे बार्ड आउल नावाचं घुबड आहे, काळे-तपकिरी डोळे, रात्री ‘हू कुक्स फॉर यू’ असं विचारत बसतं, म्हणजे तसं ऐकू येतं, आणि आई त्याला खिडकीतून सांगायची, मीच. पावसाळी रात्री क्रेफिश पाण्याबाहेर पडून गवतातून चालत जातात, कल्ले ओले राहिले की त्यांना तेवढा वेळ हवेत चालतं. घुबडाला हे माहीत आहे. ते लॉनवर उतरतं, कधी उथळ पाण्यातही चालत जातं, आणि उचलतं. ह्या जातीतल्या काही घुबडांच्या पोटाची पिसं गुलाबीसर दिसतात आणि ते क्रेफिश जास्त खाल्ल्याने असावं असं पक्षीतज्ज्ञ म्हणतात. आमच्या पाइनखाली त्याची ओकलेली गोळी सापडली, हातमोजे घालून फोडली, तर उंदराची हाडं, केस आणि त्यात केशरी कवचाच्या कपच्या. ही पाइन पाण्यापासून बऱ्यापैकी लांब आहे. तळ्यावर कितीही पाळत ठेवली असती तरी हा साक्षीदार हाती लागला नसता.

मग आम्ही ट्रेल कॅमेरा आणला. सगळ्यांना वाटतं कॅमेरा लावला म्हणजे विषय संपला. पण हे कॅमेरे चालतात कसे तर समोरून आजूबाजूपेक्षा गरम असं काहीतरी हललं की ट्रिगर होतात. म्हणजे रकून दिसणार, पॉसम दिसणार, कोल्हा दिसणार, बगळा बऱ्यापैकी दिसणार. साप? त्याचं अंग आजूबाजूच्या मातीइतकंच गरम, कॅमेऱ्याच्या लेखी तो तिथे नाहीच. कासव तसंच, बेडूक तसाच. पाण्याखाली जे चाललंय ते तर सोडाच. आणि आमच्या कॅमेऱ्यात कोण आलं, रकून, रकून, रकून, शेजारचं मांजर, रकून. आजोबांना फोटो दाखवले तर ते खूश, बघ मी म्हणत नव्हतो? आता कॅमेराच जर रकून टिपायला बनवलेला असेल तर त्यात रकून येणारच ना.

सापाचं तर खास सांगायला हवं. क्वीन स्नेक नावाचा एक बारीक, तपकिरी, बिनविषारी साप इथल्या ओढ्यांमध्ये असतो, आपल्या दिवडीच्याच गोतावळ्यातला. ह्याचं अन्न जवळजवळ पूर्णपणे क्रेफिश, आणि तेही नुकतीच कात टाकलेले, मऊ. कडक कवचाचा क्रेफिश त्याला गिळता येत नाही आणि नांगीची भीती असतेच. मग तो दगडांच्या फटीतून जीभ हलवत फिरतो, कात टाकलेल्या क्रेफिशचा पाण्यातला वास ओळखतो आणि अख्खा गिळतो. नांगी नाही, कवच नाही, पसारा नाही. आमच्या ओढ्यात एक आहे, उन्हाला पाण्यावरच्या झुडपात लटकलेला असतो आणि पाय वाजला की टुपकन पाण्यात. आजोबांना पाण्यातला प्रत्येक साप विषारी कॉटनमाउथ वाटतो, त्यामुळे ह्याच्याबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि कृपा करून तुम्हीही सांगू नका.

पाण्यातल्या मंडळींचंही तसंच. लार्जमाउथ बास हा मासा अख्खा गिळतो, पोटातच सगळं विरतं. बुलफ्रॉग, म्हणजे हाताच्या पंजाएवढा बेडूक, तोंडात मावेल ते सगळं खातो आणि क्रेफिश त्याच्या खाण्यात मोठा असतो. स्नॅपिंग टर्टल नावाचं कासव आहे, तळाशी गाळात बसून. आणि शेवटी खुद्द क्रेफिश, कात टाकून मऊ पडलेल्या भावाला खायला मागेपुढे न बघणारा. लहान पिल्लांची तर निम्मी वाट घरच्यांनीच लावली असली तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

पानं गळायला लागल्यावर तळ्याच्या पुढे आलेल्या टोकावर एक नवीनच प्रकार दिसायला लागला. गवत दडपलेलं, आणि तिथे विष्ठा, आकार-बिकार काही नाही, भुगा, माशाचे खवले आणि क्रेफिशचे तुकडे नुसते सांडल्यासारखे, आणि सडक्या माशाचा वास चार पावलांवरून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तोपर्यंत ती परत गेली होती, तिने क्षणात सांगितलं, उद. म्हणजे पाणमांजर. कॅमेरा तिथे हलवला आणि एका पहाटे खरंच दोन पाणमांजरं, एकामागे एक, काठावरून पोटावर घसरत पाण्यात. फरसाठी झालेल्या शिकारीमुळे आणि अधिवासाच्या नासाडीमुळे ह्या राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून ती पार संपली होती, १९९० च्या दशकात किनाऱ्याकडची पाणमांजरं पकडून तिकडच्या नद्यांमध्ये सोडली तेव्हा कुठे परत दिसायला लागली. आता शहरातल्या ओढ्यांतून सोसायट्यांच्या तळ्यांपर्यंत फिरतात. एक पाणमांजर रात्रीत जेवढं खातं त्यापुढे रकून म्हणजे चाखून बघणारा. आणि थंडी पडली, क्रेफिश सुस्तावून दगडाखाली बसले की रकूनही फारसा पाण्यात उतरत नाही, पाणमांजराला थंडीचं काही सोयरसुतक नाही.

आजोबांच्या पिंजऱ्यात शेवटी एक पॉसम आला, सार्डिनच्या वासाने. तोंड उघडून, दात दाखवून मेल्याचं सोंग घेऊन पडला. त्यांनी दार उघडं ठेवलं, घरात जाऊन कॉफी करून आणली, तोवर तो गेला होता. त्यांनी मला विचारलं, मग नक्की कोण खातंय? मी नावं सांगायला लागले तर आठव्या-नवव्या नावाला त्यांनी हात वर केला आणि पिंजरा गराजमध्ये ठेवून दिला.

ह्या वर्षी आम्ही उथळ भागात सपाट दगड आणि जुने ओंडके टाकलेत, म्हणजे क्रेफिशना लपायला बरी जागा होईल, कुणी का खायला येईना. काठावरची झुडपं कापायची बंद केली, ह्यावर घरात वाद झाला, मी जिंकले. हिशोब लागत नाहीये तो फक्त बासचा, कारण तो काही मागे ठेवतच नाही. त्यासाठी नवऱ्याने फिशिंग लायसन्स काढलंय आणि शनिवारी खुर्ची टाकून गळ लावून बसतो. मासा मिळाला की पोट फाडून बघायचं काम माझं, असं ठरलंय. अजून तरी माझ्यावर ती पाळी आलेली नाही.